पुरावा परळमध्ये होता, बातमी कुठे होती?

परळच्या टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर कोणत्याही दिवशी जाऊन पाहा. नाकात नळी, गालावर पट्टी, हातात जाडजूड फाइल घेतलेली माणसं आणि त्यांच्याबरोबर गावाकडून आलेले नातेवाईक तिथे बसलेले दिसतात. कुणी विदर्भातून आलेलं, कुणी बिहारमधून, कुणी बंगालमधून. याच रस्त्याने रोज हजारो नोकरदार परळ आणि दादर स्टेशन गाठतात. त्यांत वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांत काम करणारेही असतातच.

आता दुसऱ्या दिवशीचा पेपर उघडा. लोकलच्या अपघातात दोन माणसं गेली असतील, तर ती बातमी पहिल्या पानावर असते, आणि असायलाच हवी. तंबाखूमुळे भारतात दरवर्षी सुमारे साडेतेरा लाख माणसं मरतात, म्हणजे दिवसाला जवळपास ३,७००. इतक्या मोठ्या मृत्यूची बातमी बहुतेक दिवशी कुठल्याच पानावर नसते. असं का होतं?

‘पत्रकारांना पडलेलीच नाही’ हे उत्तर सोपं आहे, पण ते खरं नाही. एखादी गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असूनही तिची बातमी का होत नाही, आणि होते तेव्हा नेमकं काय घडतं, हे समजून घ्यायचं तर परळमध्येच थोडं मागे जावं लागेल.

कणगीत पडून राहिलेलं धान्य

टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. पुढे १९५२ मध्ये परळमध्येच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं आणि नामवंत विकृतिशास्त्रज्ञ डॉ. व्ही. आर. खानोलकर त्याचे प्रमुख झाले. १९५५ मध्ये सांघवी, राव आणि खानोलकर या तिघांचा एक निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. तंबाखू ओढणं व चघळणं आणि तोंड-घसा-अन्ननलिकेचा कर्करोग यांचा संबंध काय, हाच त्याचा विषय होता. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांवरचा डॉल आणि हिल यांचा गाजलेला ब्रिटिश अभ्यास याच नियतकालिकात १९५० मध्ये आला होता. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी मुंबईने आपल्या माणसांचा, आपल्या सवयींचा अभ्यास जगापुढे ठेवला होता.

यानंतर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी हे काम पुढे नेलं. डॉ. प्रकाश गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली १९९१ पासून मतदार याद्या हातात घेऊन मुंबई शहर भागातली घरं पिंजून काढली गेली. उत्तरं नोंदवायला हातात मावणारे छोटे संगणक वापरले होते; त्या काळात ही नवलाचीच गोष्ट होती. पस्तिशीच्या पुढच्या ९९,५९८ माणसांची माहिती गोळा झाली. पुरुषांत ६९ टक्के आणि स्त्रियांत ५७ टक्के तंबाखूचं सेवन करत होते. स्त्रियांमध्ये धूम्रपान जवळपास नव्हतंच. त्यांची तंबाखू होती ती मिशेरीची आणि चघळण्याची. गिरणगावात हे कुणाला नवं नव्हतं. कापसामुळे गिरणीच्या खात्यात विडी पेटवायला मनाई, म्हणून हातावर मळलेली तंबाखू दाढेखाली जायची. आणि सकाळी चाळीच्या मोरीवर बायका मिशेरी लावायच्या. तिला कुणी व्यसन म्हणतच नसे.

या माणसांचा पुढे अनेक वर्षं माग ठेवला गेला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसलं की, तंबाखू न वापरणाऱ्यांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत मृत्यूचा धोका ३७ टक्क्यांनी जास्त होता, आणि विडी ओढणाऱ्यांत तब्बल ६४ टक्क्यांनी. विडी सौम्य असते ही समजूत तिथेच कोसळायला हवी होती.

आणि तरीही मार्च २०१५ मध्ये, संसदेच्या दुय्यम विधिविधान समितीचे अध्यक्ष आणि अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी यांनी जाहीरपणे सांगितलं की तंबाखूमुळे कर्करोग होतो हे सिद्ध करणारा भारतीय अभ्यास नाही, सगळे अभ्यास परदेशातले आहेत. परळच्या त्या निबंधाला तेव्हा साठ वर्षं होत होती.

कणगी जोंधळ्याने भरलेली असली तरी तेवढ्याने पोट भरत नाही. तो दळावा लागतो, तेव्हा भाकरी होते. संशोधनाचंही तसंच आहे. ते इंग्रजी नियतकालिकात असतं, आकड्यांत असतं, शास्त्रज्ञांच्या सावध भाषेत असतं. मतदाराला आणि आमदार-खासदाराला ते पचेल अशा रूपात आणण्याचं काम बातमीचं आहे. ते दळण थांबलं की पुरावा असूनही नसल्यासारखा होतो.

तंबाखूची बातमी का अडते?

बातमीला घटना लागते, आणि ती आज घडलेली लागते. तंबाखूचं काम याच्या नेमकं उलटं चालतं. पंधराव्या-सोळाव्या वर्षी पहिली पुडी, आणि आजार उघड होतो वीस-तीस वर्षांनी. मधल्या काळात सांगण्यासारखं काही ‘घडत’ नाही. तोंडात पांढरा चट्टा येतो, तोंड उघडायला त्रास होऊ लागतो, तिखट सोसत नाही. पण यातल्या कशाचाही पंचनामा होत नाही.

दुसरी अडचण मृत्यूच्या दाखल्याची. त्यावर हृदयविकाराचा झटका लिहिलेला असतो, क्षय लिहिलेला असतो, फुप्फुसाचा कर्करोग लिहिलेला असतो. तंबाखू हे नाव सहसा कुठेच नसतं. अपघातात मेलेल्यांची संख्या पोलीस स्टेशनवरून मिळते. तंबाखूने मेलेल्यांची संख्या मात्र मोठमोठे अभ्यास करून, गणित मांडून काढावी लागते. डेडलाइनला धावणाऱ्या बातमीदाराला रात्री नऊ वाजता ती कुठून मिळणार?

तिसरी अडचण अशी की आकडा फार मोठा झाला की मन तो झेलतच नाही. साडेतेरा लाख वाचून आपण पान उलटतो. एका माणसाचा चेहरा मात्र उलटून जाता येत नाही.

मुकेशचा चेहरा

हे टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ओळखलं. २००९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सरकारने चघळायच्या तंबाखूविरुद्ध देशभर सहा आठवड्यांची जाहिरात मोहीम चालवली. तिचं चित्रीकरण टाटा रुग्णालयात झालं होतं. शल्यविशारद खरे रुग्ण दाखवत तंबाखू चेहऱ्याचं काय करते ते सांगत होते. मोहिमेनंतर झालेल्या पाहणीत, फक्त चघळायची तंबाखू वापरणाऱ्यांपैकी सुमारे ६३ टक्के लोकांना ती जाहिरात आठवत होती. सरकारी जाहिरातीच्या मानाने हे फार मोठं यश म्हणायला हवं.

मग भुसावळचा मुकेश आला. चोवीस वर्षांचा हा तरुण टाटा रुग्णालयात उपचार घेत होता. आपण वर्षभरच गुटखा खाल्ला आणि आता कदाचित आपल्याला बोलता येणार नाही, असं त्याने कॅमेऱ्यापुढे सांगितलं. २००९ मध्येच तो गेला. २ ऑक्टोबर २०१२ पासून, तंबाखूची दृश्यं असलेल्या चित्रपटाआधी आणि मध्यंतरानंतर ३० सेकंदांचा आरोग्यसंदेश दाखवणं चित्रपटगृहांना बंधनकारक झालं, आणि मुकेशचा चेहरा दादरच्या प्लाझापासून तालुक्याच्या थेटरापर्यंत पोचला. देशभर माणसं त्याला नावाने ओळखू लागली.

चेहऱ्याची ताकद इथे दिसते. तिची मर्यादाही इथेच कळते. अमेरिकी अभ्यासक शांतो अय्यंगार यांनी १९९१ च्या आपल्या पुस्तकात टीव्ही बातम्यांविषयी एक महत्त्वाची गोष्ट मांडली. एकाच माणसाची कहाणी दाखवली की प्रेक्षक दोषही त्याच माणसाला देतात. तीच समस्या व्यापक संदर्भासह मांडली, तर ते सरकारकडे आणि समाजाकडे जबाबदारी मागतात. ‘गुटख्याने तरुणाचा बळी’ एवढ्या मथळ्यातून वाचकाला कळतं की तरुण चुकला. ती पुडी कुणी बनवली, पाच-दहा रुपयांत शाळेजवळ कशी मिळाली, तिच्यावर कर किती, तिची परवानगी कुणाकडे होती, हे प्रश्न मथळ्याबाहेरच राहतात. माझ्या मते तंबाखूवरच्या मराठी बातम्यांतली सर्वांत मोठी उणीव हीच आहे. आपण रुग्णाला विचारतो, ‘सवय कशी लागली?’ विक्रेत्याला, कारखानदाराला आणि अधिकाऱ्याला फार कमी वेळा काही विचारतो.

रुग्णाच्या इभ्रतीचाही प्रश्न आहे. शस्त्रक्रियेने जबडा काढलेल्या माणसाचा फोटो छापण्याआधी त्याची समजून-उमजून दिलेली परवानगी हवीच. ती आजारपणाच्या हतबलतेत घाईघाईने घेतलेली सही नसावी. टाटातल्या डॉक्टरांनी चालवलेल्या ‘व्हॉइस ऑफ टोबॅको व्हिक्टिम्स’ या मोहिमेची पद्धत मला म्हणूनच योग्य वाटते. तिथे रुग्ण स्वतः मंत्र्यांपुढे आणि पत्रकारांपुढे उभे राहून आपली मागणी मांडतात. त्यांचं दुःख दुसरं कुणी वापरत नाही.

२०१५ : बातमीने काय केलं

पाकिटावरच्या इशाऱ्याचा लढा हे या साऱ्याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑक्टोबर २०१४ मध्ये अधिसूचना काढली की १ एप्रिल २०१५ पासून तंबाखूच्या पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्रमय इशारा असेल. २००९ पासून तो पुढच्या बाजूच्या ४० टक्के भागावर होता. मार्चमध्ये दिलीप गांधींच्या समितीने हा निर्णय लांबणीवर टाकण्याची शिफारस केली, विडी कामगारांच्या रोजगाराचा मुद्दा मांडला, आणि भारतीय अभ्यास नसल्याचं ते विधान आलं.

महाराष्ट्रात त्या वेळी एक जखम ताजी होती. माजी गृहमंत्री आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कर्करोगाने गेले होते. त्यांची तंबाखूची सवय सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होती. शरद पवार यांनीही तोंडाच्या कर्करोगाशी दिलेली झुंज आणि तंबाखूविषयीचा पश्चात्ताप जाहीरपणे सांगितलेला होता. त्यामुळे खासदारांचं विधान नुसतं दिल्लीची बातमी राहिलं नाही. डॉक्टरांनी भारतीय अभ्यासांची यादीच पत्रकारांच्या हाती ठेवली. वर्षानुवर्षं कणगीत पडलेलं धान्य आठवड्याभरात जात्यावर आलं.

आणखी एक गोष्ट घडली. आरोग्य मंत्रालयाच्या दुसऱ्या एका जाहिरातीचा चेहरा असलेल्या, मध्य प्रदेशातल्या भिंडच्या सुनीताने ८५ टक्के इशाऱ्याच्या बाजूने पंतप्रधानांना पत्र लिहिलं होतं. जो नियम १ एप्रिलपासून लागू व्हायचा होता, तो सरकारने ऐन वेळी लांबवला. आणि त्याच १ एप्रिलला सुनीता मुंबईत टाटा रुग्णालयात वारली. ती २८ वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी ही बातमी देशभरच्या वर्तमानपत्रांत होती.

बातमीला लागणारं सगळं इथे एकत्र आलं होतं. चेहरा होता, आजची घटना होती, निर्णय घेणारी नावानिशी माणसं होती, आणि ‘का लांबवलं?’ हा उत्तर मागणारा प्रश्न होता. त्याच वर्षी राजस्थान उच्च न्यायालयाने नियम लागू करण्याचा आदेश दिला, आणि अखेर १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्के इशारा पाकिटावर आला. श्रेय एकट्या माध्यमांचं नाही. न्यायालय, डॉक्टर, कार्यकर्ते सगळेच यात होते. पण लांबणीवर टाकलेला निर्णय विस्मरणात गेला नाही, याचं श्रेय बातम्यांनाच आहे.

जाहिरातीचं वजन

आता थोडं अवघड बोलायला हवं. वर्तमानपत्र वाचकाच्या चार-पाच रुपयांवर चालत नाही, जाहिरातींवर चालतं. अमेरिकेत १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९९ मासिकांचे अनेक वर्षांचे अंक तपासले होते. सिगारेटच्या जाहिराती न घेणाऱ्या मासिकांत धूम्रपानाच्या धोक्यांवर लेख येण्याची शक्यता ११.९ टक्के होती, जाहिराती घेणाऱ्यांत ८.३ टक्के. स्त्रियांच्या मासिकांत हा फरक आणखी मोठा होता. कुणी फोन करून ‘हा लेख छापू नका’ म्हणालं असेलच असं नाही. न सांगताच हात आखडतो.

उलट बाजूचाही दाखला अमेरिकेतलाच आहे. १९६७ पासून तिथे सिगारेटच्या जाहिराती दाखवणाऱ्या टीव्ही-रेडिओ केंद्रांना धूम्रपानविरोधी संदेशांनाही वेळ द्यावा लागत होता. त्या काळात सिगारेटचा दरडोई खप उतरू लागला. १९७१ च्या सुरुवातीला टीव्ही-रेडिओवरच्या सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या, पण त्यांच्याबरोबर विरोधी संदेशही बहुतांशी नाहीसे झाले आणि खप पुन्हा वर गेला. नुसती जाहिरात बंद करून भागत नाही, उत्तर देणारा आवाजही चालू राहावा लागतो, हे यातून कळतं.

आपल्याकडे २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली. त्याआधी भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर सिगारेटच्या ब्रँडचं नाव होतं. चित्रपट पुरस्कारांच्या नावाला गुटख्याचा ब्रँड जोडलेला होता. कायद्यानंतर नाव तेच राहिलं आणि माल तेवढा बदलला. त्याच नावाचा, तशाच वेष्टणातला पानमसाला किंवा वेलची मोठमोठे नट विकू लागले. याला छुपी जाहिरात म्हणतात, आणि ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी तिलाही मनाई केली आहे. ज्या अंकात तोंडाच्या कर्करोगावर पुरवणी निघते, त्याच अंकात अशी जाहिरात येत असेल, तर संपादकांनी तिला नकार द्यायला हवा. हे मी स्पष्टच म्हणेन.

> चौकट : आपल्या गल्लीत तपासून पाहता येईल असं काही
>
> सुटी सिगारेट : महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी आहे. इशारा पाकिटावर असतो, सुट्या कांडीवर नसतो. आणि शाळकरी मुलाला पाकीट परवडत नाही, कांडी परवडते.
>
> शाळेपासूनचं अंतर : शैक्षणिक संस्थेच्या १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत, तंबाखूविक्रीला मनाई आहे. ही बातमी मोजपट्टीने करता येते.
>
> वय : १८ वर्षांखालच्या मुलांना विक्री हा गुन्हा आहे.
>
> गुटखा : राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आहे. तरी मिळत असेल तर तो कुठून येतो, हा प्रश्न आहे.

बंदीनंतरची बातमी

गुटखाबंदीची कहाणी थोडक्यात सांगतो, कारण पाठपुरावा कशाला म्हणतात ते तिच्यातून कळतं. महाराष्ट्राने २००२ मध्ये पहिल्यांदा बंदी घातली. उत्पादक न्यायालयात गेले आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. पुढे २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू वा निकोटिन नसावं असं कलम आलं, आणि त्याच्या आधारे २०१२ मध्ये अन्न व औषध प्रशासनाचे तेव्हाचे आयुक्त महेश झगडे यांच्या आदेशाने बंदी परत आली. पहिल्या पानावर बातम्या झळकल्या. मग बाजाराने वाट काढली. एका पुडीत पानमसाला, दुसऱ्या पुडीत तंबाखू, आणि गिऱ्हाईक तोंडात दोन्ही एकत्र करणार. बंदीच्या दिवशीची बातमी सगळ्यांनी दिली. त्या जोडपुड्यांची, सीमेपलीकडून येणाऱ्या टेम्पोंची, जप्त मालाचं आणि खटल्यांचं पुढे काय झालं याची बातमी चिकाटीने करणारे मात्र थोडेच होते. कायदा टिकतो की कागदावर राहतो, हे त्या थोड्यांवर ठरतं.

दुसऱ्या बाजूला न्याय

तंबाखूवर लिहिताना सिन्नर, सोलापूरच्या विडी कामगार स्त्रिया आणि निपाणी भागातले शेतकरी विसरून चालणार नाही. १९८१ चं निपाणीचं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन रास्त भावासाठी होतं आणि त्यात पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले. या माणसांचं पोट खरं आहे. पण त्यांचं नाव पुढे करून पाकिटावरचं चित्र लहान करायला सांगणारा खरोखर त्यांच्या वतीने बोलतो आहे का, हे पत्रकाराने तपासलं पाहिजे. विडी वळणाऱ्या बाईला हजारी मजुरी किती मिळते, तिच्या छातीत तंबाखूची धूळ किती जाते, दुसऱ्या कामाची सोय कुणी केली, हे विचारलं की कळतं कोण कुणाची ढाल वापरतो आहे. तशीच चौकशी ‘नव्या अभ्यासा’ची करावी : पैसे कुणी दिले? डॉक्टरांचाही आकडा तपासून घ्यावा. खरी बाजू मांडणाऱ्याला तपासणीची भीती नसते, आणि एक फुगवलेला आकडा पुढच्या दहा खऱ्या आकड्यांवरचा विश्वास घालवतो.

खप उतरतो का?

उतरतो. राष्ट्रीय पाहणीनुसार २००९-१० मध्ये महाराष्ट्रातले ३१.४ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. २०१६-१७ मध्ये ते प्रमाण २६.६ टक्क्यांवर आलं. या सात वर्षांत मुकेशची जाहिरात, गुटखाबंदी, मोठे इशारे, करवाढ आणि या सगळ्यांच्या बातम्या हे सारं एकाच वेळी चालू होतं. त्यातलं कोणतं किती उपयोगी पडलं हे वेगळं काढता येणार नाही. मात्र आकड्यांचा दुसरा भाग पाहा : २०१६-१७ मध्ये धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. महाराष्ट्राची तंबाखू मुख्यतः तोंडात आहे. आपल्या बातम्यांसोबत छापलं जाणारं चित्र मात्र अजून बहुधा जळत्या सिगारेटचं असतं. मिशेरी लावणाऱ्या आजीला आणि मावा खाणाऱ्या रिक्षावाल्याला त्या चित्रात आपण दिसत नाही, म्हणून ती बातमीही त्यांना आपली वाटत नाही.

संपादक, उपसंपादक, गल्लीतल्या यूट्यूब वाहिनीचे बातमीदार, या सगळ्यांना एक विनंती. तंबाखूची कोणतीही बातमी द्या, जप्तीची, कराची वा मृत्यूची, तिच्या शेवटी एक ओळ जरूर छापा. वाचणाऱ्यांत सोडायची इच्छा असलेले कितीतरी जण असतात आणि पुढे काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. तंबाखू सोडण्यासाठी मदत करणारा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे १८००-११-२३५६. त्यावर फोन करायला पैसे पडत नाहीत.